अध्यक्षाने न निवडलेले काम

जुलै उजाडला की जुन्नर-आंबेगावच्या स्थानिक पानांवर एक ठरावीक फोटो येतो. मागे फ्लेक्सवर दातेरी चाक, नाहीतर पाठीला पाठ लावलेले दोन सिंह. पुढे शाल-श्रीफळ, मावळत्या अध्यक्षांकडून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात जाणारे पदक आणि खाली ओळ : पदग्रहण समारंभ उत्साहात. रोटरी आणि लायन्स या दोन्हींचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. नारायणगाव, जुन्नर, मंचर इथल्या क्लबांचेही तेच. यंदाच्या बातम्या वाचकांच्या नजरेखालून गेल्याच असतील. खरी गंमत त्या बातमीत नसलेल्या गोष्टींत आहे. नव्या अध्यक्षाच्या हातात बारा महिने असतात आणि त्यातले पहिले तीन पावसात जातात. उरलेल्या काळात काय उभे राहते, आणि पुढचा अध्यक्ष आल्यावर त्यातले काय शिल्लक उरते?

दोन्हींचा उगम शिकागोत; तो इतिहास झटपट उरकू. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली रोटरी काढली, विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्सने १९१७ साली लायन्स. पुण्यात रोटरी आली १९३६ साली. एका धंद्यातला एकच माणूस सभासद, असा रोटरीचा मूळ दंडक होता. तो पुढे सैल झाला, पण तालुक्याच्या गावात तो आजही जवळजवळ आपोआप पाळला जातो. एक डॉक्टर, एक मेडिकलवाला, खते-बियाण्यांचा दुकानदार, टोमॅटोचा व्यापारी, वकील, बांधकाम ठेकेदार, प्राचार्य, पतसंस्थेचा संचालक : झाला क्लब. (हे टेबल बरीच वर्षे फक्त पुरुषांचे होते, रोटरीत महिलांना सभासदत्व खुले झाले ते १९८९ साली.) शहरातल्या क्लबकडे पैसा जास्त असतो, गावातल्या क्लबकडे जेसीबी असतो. सिमेंट कोण उधारीवर देईल, कुठल्या शाळेची कुठली भिंत ओल धरते, ग्रामसेवक नक्की कुठल्या वारी भेटतो, हे त्या टेबलाभोवती बसलेल्यांना ठाऊक असते. छोटी कामे सरकारी अंदाजपत्रकापेक्षा स्वस्तात आणि लवकर होतात, ती त्यामुळे.

पण या दोन तालुक्यांत सेवाकार्य म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो मोतीबिंदू. त्याला कारण आहे. नारायणगावात मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे आणि त्यामागे डॉ. मनोहर डोळे यांची काही दशकांची मेहनत आहे. खेड्यापाड्यांत आणि आदिवासी वाड्यांवर नेत्रतपासणी शिबिरे भरवायची, मोतीबिंदूचे रुग्ण शोधायचे आणि नारायणगावला आणून शस्त्रक्रिया करायची, हा त्यांचा शिरस्ता. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा परिसरातल्या अनेकांना एवढेच नवल वाटले की इतका उशीर का. लायन्सच्या बाजूने पाहिले तर डोळ्यांशी नाते आणखी जुने आहे. ३० जून १९२५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर बोलल्या आणि अंधत्वाविरुद्धची लढाई तुम्ही अंगावर घ्या, असे आवाहन त्यांनी केले. क्लबांनी ते घेतले. आज कुठल्याही तालुक्यात लायन्सचा फलक दिसला की शेजारी नेत्रशिबिराचा दिसण्याची शक्यता दाट असते.

शिबिर म्हणजे काय, हे फोटोवरून कळत नाही. शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबले, बॅटरी, थेंबांच्या बाटल्या आणि भिंतीवर तक्ता. अक्षरओळख नसलेल्यांसाठी त्यावर इंग्रजी ‘ई’ चारी दिशांना तोंड करून छापलेला असतो; म्हाताऱ्या आजींनी त्याची टोके कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचे. मग रक्तदाब, मग साखर. इथे बरेचजण अडकतात. साखर वाढलेली असली की शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, आणि पुढे ढकललेली आजी पुढच्या शिबिराला येईलच याची खात्री नाही. त्यानंतरचा प्रश्न वैद्यकीय नसतोच : सोबत कोण? मुलगा भोसरीला कामाला, सून शेतात, घरी म्हैस. रुग्ण तयार असतो, घर तयार नसते. बाईच्या बाबतीत तर घर फारच उशिरा तयार होते. ज्याने रुग्णाच्या मुलाला फोन करून एक दिवस सुट्टी काढायला लावली, त्या सभासदाचे नाव कुठल्या बातमीत येत नाही; शिबिराचे निम्मे यश त्याचे असते.

तंबूत किंवा शाळेच्या वर्गात शस्त्रक्रिया करण्याचे दिवस गेले, ते बरेच झाले. आता शिबिरात फक्त तपासणी होते; शस्त्रक्रिया रुग्णालयात. गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायला अनुभवी हाताला फार वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी निघते. घरी जाताना काळा चष्मा, थेंबांची बाटली आणि सूचना : डोक्यावरून अंघोळ नको, चुलीच्या धुरापुढे बसू नका, डोळा चोळू नका. चुलीपुढे बसू नका, हे जिच्यावाचून चूल पेटत नाही तिलाच सांगायचे असते. महिन्याभराने पुन्हा तपासणी आणि लागल्यास चष्म्याचा नंबर. शस्त्रक्रियांचा आकडा पेपरात येतो, महिन्यानंतर किती जण तपासणीला आले हा आकडा येत नाही. शिबिराचा दर्जा जोखायचा तर दुसरा आकडा मागावा.

ही सगळी साखळी टिकली, कारण ती कोणा एका अध्यक्षाची नव्हती. रुग्णालय होते, डॉक्टर होते, नोंदी होत्या. शिबिरे भरवणारे, माणसे गोळा करणारे बदलले तरी गाडी नारायणगावलाच जायची.

याच्या अगदी उलट चित्र जिल्हा परिषदेच्या शाळांत पाहायला मिळते. हात धुण्याचे केंद्र : टाइल लावलेला ओटा, ओळीने सहा-आठ तोट्या, वर टाकी आणि मध्यभागी ग्रॅनाइटची पाटी. पाटीवर क्लब, अध्यक्ष, सचिव, प्रकल्पप्रमुख, शिवाय डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांच्या शुभहस्ते. कल्पना उत्तम आहे. जुलाबाने बुडणारे शाळेचे दिवस त्याने खरोखर वाचतात. पण तोटी प्लॅस्टिकची असेल तर ती टिकून किती टिकणार? ती बदलायची कोणी, आणि टाकीत पाणी चढवायच्या मोटारीचे वीजबिल कोणाच्या खात्यातून, हे पाटीवर नसते. ई-लर्निंगच्या टीव्हीचेही तेच. नवा अध्यक्ष जुन्या अध्यक्षाची तोटी बदलण्यापेक्षा शेजारच्या शाळेत नवे केंद्र बांधणे पसंत करतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. वर्षअखेरीस जे बक्षीस मिळते ते नव्या प्रकल्पाला मिळते, दुरुस्तीला नाही.

पैशाची वाटही याच दिशेने वाहते. सभासदांच्या वर्गणीतून वह्यावाटप, वृक्षारोपण, रक्तदान एवढे भागते. मोठे काम करायचे तर रोटरी फाउंडेशनचे ग्लोबल ग्रँट. त्यासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा हवा आणि दोन वेगवेगळ्या देशांतले क्लब भागीदार हवेत. एखाद्या वाडीतल्या बंधाऱ्यावर परदेशी शहराच्या क्लबचे नाव दिसते त्याचा उलगडा इथे होतो. एखाद्याच्या नावे १,००० डॉलर फाउंडेशनला गेले की तो ‘पॉल हॅरिस फेलो’ होतो. कोटाला लागणारी ती छोटी पिन म्हणजे गावातल्या व्यापाऱ्याने जगाच्या निधीत टाकलेली भर असते. दुसरी वाट सीएसआरची. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे कायद्याने आले. चाकण आणि रांजणगावचे कारखाने इथून हाकेच्या अंतरावर. कंपनीला हवा असतो हिशेब तपासलेला, अहवाल इंग्रजीत देणारा आणि मार्चअखेर काम संपवणारा भागीदार. क्लबच्या ट्रस्टला हे तिन्ही जमते. कंपनीचे वर्ष मार्चला संपते, अध्यक्षाचे जूनला; मोजमाप करता येईल असे काम दोघांनाही तोवर हवे असते. विहीर खोल करून घेणे सोपे, त्या विहिरीवर गावाची पाणीसमिती उभी करणे कठीण. अहवालात विहीर दिसते, समिती दिसत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर कुकडी प्रकल्पाकडे पाहावे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे याच दोन तालुक्यांत. कालव्यांनी पाणी नगर-सोलापूरकडे जाते आणि धरणांच्या वर, सह्याद्रीच्या कुशीतल्या महादेव कोळी वस्त्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गावच डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. इथे साठवण टाकी, सौरपंप, पाणी ढकलत नेण्याची ४५ लिटरची चाके अशी मदत येते आणि ती स्वागतार्ह आहे. पण याच खोऱ्यात कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने वेगळा रस्ता धरला. धरणाने उठवलेल्या माणसांनाच जलाशयात मासेमारीचा हक्क, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत पीक, डोंगरउतारावर पडकईने भातखाचरे. पडकई ही इथली जुनीच रीत, सगळ्यांनी मिळून एकमेकांची खाचरे बांधायची; संस्थेने ती रोजगार हमीच्या पैशाशी जोडून दिली. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. त्यामागे अनेक वर्षांचे अर्ज, मोर्चे आणि बैठका होत्या. कुठल्याही क्लबच्या वर्षात हे बसणारे नव्हते.

माळीण गावाचेच घ्या. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला, १५१ माणसे गेली. आमडे इथे वसवलेल्या नव्या माळीणचे लोकार्पण झाले २ एप्रिल २०१७ रोजी. तोवर प्रत्येक क्लबात तिसरा अध्यक्ष खुर्चीवर होता.

तरी क्लबांना लांब पल्ल्याचे काम जमत नाही, असे म्हणणाऱ्याला एका शब्दात गप्प करता येते : पोलिओ. रोटरीने १९७९ साली फिलिपिन्समध्ये लसीकरणाला हात घातला, १९८५ मध्ये जगभराचा कार्यक्रम जाहीर केला आणि मग तो सोडला नाही. भारतात शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या काळात हजारो क्लबांचे अध्यक्ष दरवर्षी बदलत होते. पोलिओ घ्यायचा की नाही, हे ठरवायला त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. लसीकरणाच्या रविवारी बूथवर उभे राहायचे, पिवळी टोपी घालायची, वाडीवर जायचे. काम आधीच ठरलेले होते आणि म्हणूनच ते तडीला गेले. डोळ्यांचेही तसेच आहे. क्लबांची उत्तम कामे ही त्या-त्या वर्षीच्या अध्यक्षाने न निवडलेली कामे आहेत, आणि दर जुलैला ‘माझा ड्रीम प्रोजेक्ट’ ऐकताना थोडी धाकधूक वाटते ती याच कारणाने.

काही कामे क्लबांनी अंगावर घेऊच नयेत, असेही वाटते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने मुलांचा जीव घेतला आणि लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. अशा वेळी बॅटऱ्या आणि सौरदिवे वाटायला कुठलाही क्लब पुढे येईल, यावेही. पण ऊसवाला शेतकरी रात्री शेतात असतो तो थ्री-फेज वीज रात्री येते म्हणून. दिवसा वीज देणे हे महावितरणचे काम आहे. बिबट्यांच्या संख्येचे काय करायचे हे वनखात्याने आणि सरकारने ठरवायचे आहे. दिवे वाटपाच्या फोटोने ती मागणी बोथट होऊ नये एवढी काळजी मात्र वाटणाऱ्यांनी घ्यायला हवी. अधिकारी त्याच फोटोत शेजारी उभे असतात.

नव्या कार्यकारिणीसाठी एक व्यावहारिक अडचण उरतेच. पश्चिम पट्ट्यात जुलै-ऑगस्ट भातलावणीचे. ऑक्टोबर-नोव्हेंबर कापणी-झोडणीचे. मार्च उजाडला की बाळहिरडा गोळा करायला माणसे रानात, आणि मेअखेरपर्यंत तेच. आहुपे किंवा भिवाडे भागातल्या म्हाताऱ्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर महिनाभर घरी बसता येईल असा काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. ओढ्याचे पाणी कमी होऊन बंधाऱ्याचे कामही तेव्हाच सुरू करता येते. कंपन्यांची उरलेला निधी खर्च करण्याची घाईही तेव्हाचीच. शाळांची स्नेहसंमेलने, डिस्ट्रिक्टची परिषद आणि गावोगावची लग्ने, अध्यक्षांना पत्रिका येतात त्याही याच आठवड्यांत.