रिपोर्ट वाचताना : ‘रक्त कमी आहे’ याच्या पुढे

पालघर जिल्ह्यातल्या वेवजीत काय किंवा तलासरी-डहाणूच्या कुठल्याही पाड्यावर काय, सततच्या थकव्याचं निदान आधीच ठरलेलं असतं : ‘रक्त कमी आहे.’ उपायही ठरलेला. एक बाटली चढवायची, ताकदीचं इंजेक्शन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकूच्या वाडीत नाहीतर गुजरातच्या सीमेपलीकडे उंबरगावच्या जीआयडीसीत कामाला. त्या बाटलीत मीठ किंवा साखर घातलेलं पाणी असतं. तेवढ्यापुरती तरतरी येते, पण हिमोग्लोबिन तिने वाढत नाही. तेवढ्याच पैशांत बहुतेक ठिकाणी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, होते. म्हणून या भागात सीबीसीचाच कागद वाचू.

पहिल्या ओळीत हिमोग्लोबिन असतं. गरोदर नसलेल्या बाईला १२, गरोदर बाईला ११ आणि पुरुषाला १३ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका या रेषेखाली निघाल्या. पण हा आकडा रक्त किती कमी आहे एवढंच सांगतो. का कमी आहे, ते खालच्या ओळींत असतं आणि नेमक्या त्याच ओळी कोणी वाचत नाही.

त्यातली पहिली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० ठीक. उदाहरणादाखल एक कागद घेऊ : हिमोग्लोबिन ८.९, एमसीव्ही ६६, लाल पेशी ४.१ दशलक्ष, आरडीडब्ल्यू १९. पेशी लहान आहेत आणि आकारात सारखेपणा नाही (आरडीडब्ल्यू वाढलेला असतो तो त्यामुळेच). हे चित्र बहुधा लोहाच्या कमतरतेचं. आता दुसरा कागद : हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ६४, पण लाल पेशी ५.६ दशलक्ष. पेशी लहान आहेत, संख्या मात्र भरपूर. इथे थॅलेसेमियाच्या वाहकाचा संशय घ्यावा लागतो. लोह कमी नसेल तर अशा माणसाला महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या देऊन हाती काही लागत नाही. एमसीव्ही १००च्या वर असेल तर बी-१२ किंवा फॉलिक अॅसिड तपासायचं. आणि लोह व बी-१२ दोन्ही कमी असतील तर सरासरी साधारण दिसते, तेव्हा आरडीडब्ल्यूच कान टोचतो.

लोहाची खात्री फेरिटिनने होते. हिमोग्लोबिन म्हणजे आज चुलीवर शिजणारं, तर फेरिटिन म्हणजे कणगीत उरलेलं भात. कणगी आधी रिकामी होते, चूल नंतर विझते. म्हणून हिमोग्लोबिन १२.२ असलेली बाईसुद्धा लोह संपल्यामुळे थकलेली असू शकते. मात्र टीबीसारख्या आजारात किंवा तापात फेरिटिन वाढतं, तेव्हा त्या आकड्यावर भरवसा नको. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि उतरतं वजन असेल तर आधी थुंकी तपासा.

आता या पट्ट्याची खास गोष्ट. वारली, कोकणा, धोडिया, कातकरी अशा आदिवासी समाजांच्या या जिल्ह्यात सिकलसेलचा विचार केल्याशिवाय रक्तक्षयाचा रिपोर्ट पूर्ण होत नाही. यात प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही जेमतेम १० ते २०. पश्चिम भारतातल्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुढेही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि त्यामुळे काहींचा आजार सौम्य असतो. मग थकवा, सांधेदुखी, डोळ्यांना पिवळी झाक एवढंच सोसत माणूस तिशी गाठतो आणि त्याला ‘कष्टाने दुखतंय’ म्हणून सांगितलं जातं. हे मला फार लागतं, कारण पहिली चाचणी अगदी साधी आहे. सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झालं की सिकल हिमोग्लोबिन आहे. पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर हा रिपोर्ट फसवा येतो, म्हणून ते आधी सांगायचं.

‘एएस’ आला म्हणून थकवा त्याच्या माथी मारू नका. वाहकाचं हिमोग्लोबिन सहसा ठीक असतं. ‘एएस’ असलेल्या बाईचं ते ८ भरलं तर कारण दुसरीकडे आहे : पाळीतला जास्तीचा रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं, किंवा आवणीच्या चिखलात अनवाणी पायांतून शिरलेले आकडी जंत. तिला लोह लागतंच. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू-आवळ्याबरोबर घ्यावी. शौचाला काळं होतं, त्याने घाबरून गोळी सोडायची नाही. हिमोग्लोबिन भरल्यावरही साधारण तीन महिने ती चालू ठेवायची, कारण कणगी अजून भरायची असते. आणि महिनाभरात आकडा हललाच नाही तर गोळ्या वाढवण्याआधी निदान पुन्हा तपासा.

साखरेच्या रुग्णांसाठी एक इशारा. सिकलसेल रुग्णात पेशी लवकर फुटतात, म्हणून सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी खोटंच कमी दिसतं, तर लोह कमी असताना ते खोटंच वाढतं. अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखरच बघावी.

२०२३च्या जुलैपासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि सरकारी दवाखान्यांतून ही तपासणी मोफत होते. लग्न ठरताना किंवा दिवस राहताच दोघांनीही ती करून घ्यावी. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हिमोग्लोबिन ७च्या खाली असेल, चालताना धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला असेल, तर बाटलीच्या मागे न लागता थेट तलासरीचं ग्रामीण किंवा डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय गाठायचं, जुने सगळे रिपोर्ट बरोबर घेऊन.

पुढच्या भागात : हिमोग्लोबिन ठीक, तरी थकवा. थायरॉईड आणि मूत्रपिंडाचे आकडे.