नांगराने आखलेले गाव

इंग्लंडमधील खेडे म्हटले की कुंपणांनी विभागलेली हिरवी चौकोनी शेते डोळ्यांपुढे उभी राहतात. हे चित्र पुरातन असावे असा आपला समज होतो. परंतु मध्य इंग्लंडच्या बऱ्याच भागात ती कुंपणे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, पार्लमेंटच्या कायद्यांनी आली. त्यापूर्वीचे गाव कसे वाढले हे पाहावयाचे असेल, तर नॉटिंगहॅमशर परगण्यातील लॅक्स्टन या लहानशा गावी गेले पाहिजे.

इ. स. १०८६ च्या 'डूम्सडे' नोंदवहीत लॅक्स्टनचे नाव आढळते. नॉर्मन सरदारांनी गावाच्या उत्तरेस गढी उभारली. तिचा मातीचा उंचवटा अजून दिसतो. पण गावाला आकार दिला तो गढीने नव्हे, नांगराने. गावाभोवती तीन विस्तीर्ण, बिनकुंपणाची शेते आणि त्या प्रत्येकात एकेका शेतकऱ्याच्या लांबट पट्ट्या विखुरलेल्या. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेले पीक, तिसरे पडीक. दरवर्षी हा क्रम पुढे सरके. जमीन अशी चहूकडे पसरलेली असल्यामुळे शेतावर घर बांधून राहण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून घरे, कोठारे, अंगणे सारी गावातील रस्त्याला लागून उभी राहिली. पीक निघाले की तेथे सर्वांची गुरे चरत. तेव्हा पेरणीही शेजाऱ्यांच्या बरोबरीने आणि कापणीही त्यांच्या बरोबरीनेच. एकट्याने आळस करण्याची सोय नव्हती!

१६३५ मध्ये मार्क पिअर्सने ही पट्टीन् पट्टी नकाशावर उतरविली. नांगरणारे, कापणी करणारे चिमुकले शेतकरीही त्यात रेखाटलेले आहेत. हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

इतरत्र पट्ट्या एकत्र करून कुंपणे पडली. उत्पन्न वाढले असेल. पण गायरानावर एखादी गाय पोसणाऱ्या गरिबाचा आधार मात्र तुटला. लॅक्स्टन यातून वाचले, त्याचे एक कारण असे सांगतात की गावची जमीन ज्या दोन सरदार घराण्यांत वाटलेली होती, त्यांचे एकमत होईना. भांडणाचेही कधी असे भले फळ मिळते! विसाव्या शतकाच्या आरंभी तेथेही पट्ट्यांची संख्या घटवून त्या मोठ्या करण्यात आल्या. पुढे १९५२ मध्ये कृषिमंत्रालयाने गाव विकत घेतले; १९८१ मध्ये ते राजसंपदेकडे आणि २०२० मध्ये थोर्स्बी जहागिरीकडे गेले.

आता पट्ट्यांवर ट्रॅक्टर चालतात. तरीही नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांतूनच निवडलेले पंच गव्हाच्या शेतात उतरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि कोणी रस्ता वा गवताचा सामाईक पट्टा नांगरून बांध कोरला आहे काय, हे पाहतात. पुढच्या आठवड्यात गावच्या खानावळीत 'कोर्ट लीट' भरते. तेथे कसूर करणाऱ्याला काही पौंड दंड होतो आणि पुढील वर्षाचे पंच शपथ घेतात.