कुकर की ऑर्डर?

ऑफिसातून घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात आणि पोटात कावळे कोकलत असतात. अशा वेळी ओट्याकडे वळायचं की मोबाइलकडे? दोन्हीकडे थोडं थोडं वळता येतं, तेही मनात अपराधी न वाटता. कसं, ते वाचा!

मगरपट्टा सिटीच्या गेटबाहेर किंवा फुरसुंगीच्या एसपी इन्फोसिटीसमोर संध्याकाळी सातनंतर उभं राहून बघा. बाइक, कंपनीच्या बस, कॅब, रिक्षा, सगळे एकमेकांना खेटून गाडीतळाच्या दिशेनं सरकत असतात. डोक्यात दिवसभराच्या मीटिंग्ज, हातात फोन, आणि फोनवर घरून आलेला एक छोटासा मेसेज, ‘आज जेवायला काय?’

अवघे तीन शब्द, पण दिवसातला सगळ्यात अवघड प्रश्न तोच. क्लायंटच्या प्रश्नाला आपण हसत उत्तर देतो, पण या प्रश्नावर मात्र डोकं बंद पडतं. मग घरी येऊन सोफ्यावर अंग टाकायचं, ॲप उघडायचं, वीस मिनिटं हॉटेलं चाळायची, शेवटी नेहमीचंच पनीर मागवायचं आणि पुढची चाळीस मिनिटं डिलिव्हरीवाल्याचा ठिपका नकाशावर कुठे अडकलाय ते बघत बसायचं. एका तासाचा हिशोब झाला की नाही? मुगाची खिचडी कुकरमध्ये टाकली असती तर अर्ध्या तासात ताट वाढून झालं असतं.

म्हणजे प्रत्येक वेळी वेळच कमी पडतो असं नाही. दमलेलं असतं ते ठरवणारं डोकं. ही गोष्ट एकदा लक्षात आली की अर्धं काम सोपं होतं.

आजीचं ‘रेडी मिक्स’

‘आमच्या वेळी नव्हती हो असली पाकिटं’ हे वाक्य प्रत्येकानं घरी ऐकलेलं असतं. पण जरा आठवून बघा. उन्हाळ्यात गच्चीवर पसरलेल्या कुरडया, पापड, सांडगे कशासाठी होते? भाजून-दळून डब्यात भरलेली थालीपिठाची भाजणी म्हणजे काय होतं? मेतकूट, सातूचं पीठ, लसणाची कोरडी चटणी, लोणच्याची बरणी या सगळ्यांचं काम एकच. ज्या दिवशी भाजी नसेल, पाहुणे अवचित येतील किंवा करणारीच्या अंगात त्राण नसेल, त्या दिवशी घरातल्यांची जेवणं व्हावीत. आजीनं मे महिन्यात घाम गाळून पुढच्या पावसाळ्याचे दमलेले दिवस सांभाळले होते. आपण पाकीट विकत घेतो, तिनं ते स्वतः भरलं होतं, एवढाच काय तो फरक.

आणि गंमत म्हणजे ही पाकिटं भरण्याचा उद्योग आपल्या हडपसरला अजिबात नवा नाही. हुकमीचंद चोरडिया यांनी १९६२ साली सुरू केलेली ‘प्रवीण मसालेवाले’ ही कंपनी इथलीच. कांदा-लसूण मसाला ज्या काळात घरोघरी कांडला जायचा, त्या काळात तो तयार विकायचं धाडस त्यांनी केलं. आज त्यांच्याच ‘सुहाना’ची पाकिटं सुपरमार्केटमध्ये रांगेत मांडलेली दिसतात. पुण्याच्याच ‘गिट्स’ची सुरुवात १९६३ची. गिलानी आणि तेजानी या दोन आडनावांवरून बेतलेलं ते नाव, आणि त्यांच्या गुलाबजामच्या पाकिटावर कित्येक घरांतली दिवाळी पार पडलेली आहे. ‘दोन मिनिटांत’ होणारी मॅगी भारतात आली ती १९८३ साली, म्हणजे या दोघांनंतर वीस वर्षांनी!

बाहेरच्या जेवणाचंही तसंच. मुंबईच्या गिरणगावात गावाकडून एकटे आलेले कामगार वर्षानुवर्षं खानावळीत जेवले. त्या खानावळी चालवणाऱ्या बायांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं. डबेवाल्यांची परंपरा तर १८९० पासूनची सांगतात. दमून आलेल्या माणसाला दुसऱ्यानं रांधलेलं खाऊ घालणं ही काही ॲपवाल्यांनी लावलेली चटक नव्हे.

गिल्ट फक्त तिलाच का?

आता थोडा टोचणारा मुद्दा. नवरा-बायको दोघंही आयटीत, दोघांची शिफ्ट सारखी, दोघंही तितकेच दमलेले. पिझ्झा मागवल्यावर ‘आज पण बाहेरचंच’ ही टोचणी साधारण कोणाला लागते? आणि सासूबाईंचा फोन आला की ‘काय केलंस जेवायला?’ हे कोणाला विचारलं जातं?

सरकारी आकडेच बघा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, तर पुरुषांचे ९७. शिवाय हे काम मुळात करणारे पुरुष होते शंभरात जेमतेम २६, आणि बायका ८१. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. तेव्हा बायकांची मिनिटं २८९ वर आली आणि पुरुषांची ८८ वर. म्हणजे दोघांचीही थोडी कमी झाली, पण दोघांमधली दरी जिथल्या तिथेच!

यात कंपनीत नोकरी करणारेही आले आणि न करणारेही, शहरातले आले आणि खेड्यातलेही. त्यामुळे हा आकडा सरसकट आपल्या सोसायटीला लावता येणार नाही. पण आपल्या घरात परिस्थिती खूप वेगळी आहे का, हे ज्यानं त्यानं मनाशी तपासावं. भाजी चिरून देणं ही ‘मदत’ झाली. काय करायचं, घरात काय संपलंय, दही विरजलंय का, उद्याच्या डब्याला काय, हे लक्षात ठेवणं हे खरं काम. ते काम एकाच डोक्यावर असेल, तर घरचं विरुद्ध बाहेरचं हा वाद कितीही घातला तरी सुटणार नाही. तेव्हा वार वाटून घ्या. सोमवार-बुधवार-शुक्रवार एकाचे, मंगळवार-गुरुवार दुसऱ्याचे. ज्याचा वार त्यानं ठरवायचं आणि त्यानंच उभं राहायचं. त्यानं पिठलं-भात केला तर पिठलं-भात, आणि पोळी-भाजी केंद्रातून आणलं तर तेही चालेल. दुसऱ्यानं नाक मुरडायचं नाही.

सगळं ‘बाहेरचं’ सारखं नसतं

आपली मोठी चूक इथे होते. फ्रोझन मटार, कोपऱ्यावरच्या काकूंची पोळी, पाकिटातली दाल मखनी आणि इन्स्टंट नूडल्स या सगळ्यांना आपण एकाच पिशवीत कोंबतो. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये अन्न पौष्टिक की अपौष्टिक याआधी त्यावर कारखान्यात किती आणि कशी प्रक्रिया झाली ते बघा, असं मांडलं. ‘नोव्हा’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या पद्धतीत अन्नाचे चार गट आहेत आणि खरी काळजी करायची ती चौथ्या, अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांची. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांतही जास्त तेल, साखर, मीठ आणि अतिप्रक्रिया यांपासून जपायला सांगितलंय.

आपल्या संध्याकाळपुरती सोपी उतरंड अशी लावता येईल.

पहिल्या पायरीवर मदतनीस. फ्रोझन मटार, तयार इडलीचं पीठ, खोवलेलं खोबरं, मसाल्याचं पाकीट. यात स्वयंपाक तुमचाच असतो, फक्त किचकट भाग दुसऱ्यानं केलेला असतो. पावसाळ्यात पुरंदरचा ताजा मटार सासवड रस्त्यानं आपल्या दारात येतो तेव्हा तो घ्यावाच. पण एरवी फ्रोझन वापरताना कमीपणा मानायचं कारण नाही. तोडल्यावर लवकर गोठवलेल्या मटारातली पोषकद्रव्यं बऱ्यापैकी टिकतात.

दुसऱ्या पायरीवर पोळी-भाजी केंद्र आणि डबा. हा पुण्याचा खास शोध म्हणायला हरकत नाही! पोळ्या लाटणं आणि भाजणं हेच वेळखाऊ काम. पोळ्या मोजून बाहेरून आणायच्या आणि वरण, कोशिंबीर, एखादी पालेभाजी घरी करायची, हा अनेक घरांत चालणारा सुवर्णमध्य आहे. भाजीवर तेलाचा तवंग किती आहे तेवढं बघा, आणि फार असेल तर केंद्र बदला.

तिसऱ्या पायरीवर गरम करून खायची पाकिटं. ती महिनोन् महिने टिकतात म्हणजे त्यात काहीतरी ‘घातलेलं’ असणार, असा एक समज आहे. तो दर वेळी खरा नसतो. अन्न पाकिटात बंद करून दाबाखाली साधारण १२१ अंशांवर तापवलं की जंतू मरतात, आणि हवाबंद असल्यामुळे नवे शिरत नाहीत. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं हे तंत्र आपल्या जवानांसाठी विकसित केलं, तिथून ते आपल्या किचनपर्यंत आलं. या पाकिटांत बघायचं ते मीठ आणि तेल-तूप.

चौथ्या पायरीवर इन्स्टंट नूडल्स, चिप्स, कोल्ड्रिंक. आणि रात्री अकराला मागवलेली चीज ओतलेली बिर्याणीसुद्धा खुशाल इथेच बसवा! महिन्यातून कधीतरी ठीक आहे, रोजचं जेवण म्हणून नको.

पाकिटाची पाठ वाचा

पाकिटाच्या दर्शनी बाजूला हिरवीगार शेतं असतात, खरी गोष्ट पाठीमागे बारीक अक्षरात असते. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते. त्यामुळे ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या पाकिटावर पहिलंच नाव मैद्याचं असेल तर काय ते समजा. दुसरं म्हणजे सोडियमचा आकडा. त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा आहे पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. तिसरं, आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की एका सर्व्हिंगचे, हे तपासा. तुम्ही अख्खं पाकीट एकट्यानं संपवणार असाल तर गुणाकार करायला विसरू नका!

खिशाचंही तसंच. ऑर्डरच्या बिलात जेवणाखेरीज पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म अशा ओळी असतात. एका रात्री त्या जाणवत नाहीत. ॲपमधली गेल्या महिन्याची हिस्टरी उघडा आणि एकदाच बेरीज करा. ती बेरीज कुठल्याही डाएटिशियनपेक्षा जास्त परिणामकारक ठरते.

रविवारचा दीड तास

आजीची वाळवणं आपल्याला जमणार नाहीत. फ्लॅटला गच्ची नाही आणि मे महिन्यात सुट्टीही नाही. पण तिची युक्ती छोट्या प्रमाणात वापरता येते. रविवारी सकाळी हडपसरच्या मंडईत चक्कर मारा. हवेली, दौंड, पुरंदरची भाजी तिथे मॉलपेक्षा ताजी मिळते. एकेकाळी मगरपट्ट्याची जमीनही शेतीचीच होती. तिथल्या मगर आणि इतर शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून टाउनशिप उभी केली. आता तिथल्या किचनमध्ये भाजी येते ती आणखी लांबच्या शेतातून.

मंडईतून आलात की दीड तास काढा आणि दोघांनी मिळून एवढंच करा.

● कांदा, टोमॅटो, आलं-लसूण परतून मसाला करून ठेवा. छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका. उसळ, छोले, अंडा करी, सगळ्याला चालतो.

● मटकी किंवा मूग शनिवारी रात्री भिजवा, रविवारी निथळून कापडात बांधा. मोड आले की फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. खाताना नीट शिजवून घ्या.

● पालेभाजी निवडून कोरडी करून ठेवा, पण चिरू नका. मेथी निवडलेली असेल तर दमलेला माणूसही परततो, नसेल तर ती गुरुवारी पिवळी होऊन कचऱ्यात जाते.

● कणीक मळून तेलाचा हात लावून घट्ट डब्यात ठेवली तर दुसऱ्या दिवशीही चालते. वरून जराशी काळसर दिसली तर घाबरू नका, आंबूस वास आला तर मात्र टाका.

● भाजणी, पोहे, मेतकूट, बेसन आणि अंडी कधीच संपू देऊ नका. हा तुमचा इमर्जन्सी फंड!

एक काळजी मात्र घ्या. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकायची आपल्याकडे सवय आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष फोडणीनं जात नाही. भात पसरट भांड्यात लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. मग फोडणीचा भात बिनधास्त खा.

दर आठवड्याचं गणित

सातही रात्री साग्रसंगीत स्वयंपाक करीन, असा संकल्प सोडूच नका. तो मंगळवारी मोडतो आणि मग बुधवारपासून थेट रोज ऑर्डर सुरू होते. त्यापेक्षा तीन रात्री घरचा पूर्ण स्वयंपाक, दोन रात्री अर्धं घरचं अर्धं आणलेलं, एक रात्र खिचडी किंवा थालीपीठ आणि एक रात्र मजेत बाहेरचं, असं गणित मांडा. कधी चुकेल, कधी शिफ्ट लांबेल, कधी गाडीतळावरच तासभर जाईल. चालायचंच.

फक्त तो मेसेज दर वेळी एकाच नंबरवर जाऊ देऊ नका. ‘आज जेवायला काय?’ याऐवजी ‘आज मी कुकर लावतोय’ किंवा ‘आज पोळ्या मी आणतेय’ असा मेसेज पाठवून बघा. समोरचा अर्धा थकवा तिथेच उतरेल!