आधी बेडपॅन, मग प्रवेश

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

आमच्या भागात मराठी माणूस आला तो मुख्यतः सॉफ्टवेअर आणि औषध कंपन्यांच्या मागोमाग. त्याची इथे जन्मलेली मुलं आता कॉलेज संपवून बाहेर पडताहेत. मंडळाच्या गणपतीत पंगतीला बसलं की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं, "मेडिकलला नाही, पीएला टाकतेय." पीए म्हणजे साहेबाचा स्वीय सहायक नव्हे, फिजिशियन असिस्टंट. हा माणूस रुग्ण तपासतो, निदान करतो, रक्ताच्या तपासण्या आणि एमआरआय सांगतो, औषधं लिहून देतो, ऑपरेशनच्या टेबलापाशी सर्जनला हात देतो आणि टाकेही घालतो. तो डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. बहुतेक राज्यांत कायद्याने तो डॉक्टरशी बांधलेला असतो, पण दोरी किती लांब हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. औषधं लिहिण्याची मुभा पन्नासही राज्यांत मिळायला २००७ साल उजाडलं. सगळ्यात शेवटी तयार झालं ते इंडियाना. अंगावर पुरळ उठलं, गुडघा धरला म्हणून अपॉइंटमेंट घेतली की बऱ्याचदा समोर पीएच येतो. भारतातून आलेले आईवडील गाडीत बसता बसता विचारतात, "ते सगळं ठीक, पण डॉक्टर कधी बघणार?"

या पेशाचा जन्म आमच्यापासून अर्ध्या तासावरचा, डरहॅममधला. तिथल्या ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड हे मेडिसिन विभागाचे प्रमुख होते. देशात डॉक्टर कमी पडत होते, खेड्यांत तर फारच. स्टेड यांनी आधी थेल्मा इंगल्स या नर्सिंगच्या प्राध्यापिकेबरोबर अनुभवी नर्सेससाठी वरचा अभ्यासक्रम आखून पाहिला. नर्सिंगच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यताच दिली नाही. मग त्यांची नजर नौदलातून बाहेर पडलेल्या वैद्यकीय सैनिकांवर गेली. या मंडळींनी जहाजांवर आणि छावण्यांत जखमा शिवल्या होत्या, इंजेक्शनं दिली होती, पण गावी परतल्यावर त्या कौशल्याला विचारणारं कुणी नव्हतं. १९६५ मध्ये अशा चौघांना घेऊन वर्ग सुरू झाला आणि ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यातले तिघे तो पुरा करून बाहेर पडले.

स्टेड यांच्या डोळ्यांसमोर एक जिवंत नमुना होता. याच राज्यात गार्लंड नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथले डॉ. एमॉस जॉन्सन यांच्या हाताखाली हेन्री ली ट्रेडवेल नावाचा एक कृष्णवर्णीय मदतनीस होता. सगळे त्याला बडी म्हणत. डॉक्टरांनी त्याला स्वतःच शिकवून तयार केलं होतं. पुढे जॉन्सन जनरल प्रॅक्टिशनर्सच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले, त्यांची बाहेरगावची कामं वाढली, आणि त्यांच्या मागे दवाखाना बडीच्या भरवशावर चाले. तालुक्याच्या गावी डॉक्टर नसले तरी कंपाउंडर आहेत ना, मग झालं, असं म्हणणारी माणसं आपण पाहिली आहेत. बडी त्याच मुशीतला. फरक एवढाच, की आपण कंपाउंडरला कंपाउंडरच ठेवलं. इथे त्याच्यासारख्या माणसाकडे पाहून कुणाला तरी अभ्यासक्रम सुचला.

ही वंशावळ सांगायचं कारण प्रवेशाच्या अर्जात आहे. अर्ज कास्पा नावाच्या एकाच केंद्रीय यंत्रणेतून जातो आणि दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस खुला होतो. त्यात गुण येतात, शिफारसपत्रं येतात, निबंधही येतो. पण आपल्याकडच्या पालकांचे डोळे विस्फारतात ते तासांच्या रकान्यापाशी. रुग्णाची प्रत्यक्ष सेवा किती तास केली? कुठे, कुणाच्या हाताखाली, आणि नेमकं काय केलं? कुठे पाचशे तास मागतात, कुठे हजार, कुठे दोन हजार. काही कॉलेजं आकडा सांगतच नाहीत, पण निवड झालेल्यांची सरासरी जाहीर करतात, म्हणजे समजणाऱ्याला इशारा पुरे. आपण नीटच्या एका दुपारवर सगळं आयुष्य टांगायला शिकलेले लोक. तुमच्या हाताला आजवर किती आजारी माणसं लागली, हा प्रश्न प्रवेशाच्या फॉर्मवर असू शकतो हेच पचनी पडत नाही.

तासांतही सोवळंओवळं आहे. रुग्णाच्या अंगाला हात लावून, त्याची जबाबदारी घेऊन केलेलं काम वरच्या रकान्यात जातं. स्वागतकक्षात फायली लावणं, रुग्णाला ढकलगाडीवरून एक्स-रेला नेणं हे खालच्या रकान्यात. डॉक्टरच्या शेजारी बसून तपासणीची नोंद टाइप करणारा स्क्राइब कुठे बसवायचा यावर कॉलेजांचं एकमत नाही. एक त्याला वरचा मान देतं, दुसरं खाली ढकलतं. पीएच्या मागे नुसतं फिरून त्याचं काम पाहणं, त्याची मोजदाद आणखी वेगळी.

आमच्या मंडळातल्या एका मुलीने बायॉलॉजीची पदवी घेऊन एका वृद्धाश्रमात नर्सिंग असिस्टंटची नोकरी धरली. या कामाचं प्रशिक्षण छोटं असतं, केंद्राचा नियम किमान ७५ तासांचा. नंतरचं काम मात्र छोटं नाही. सकाळी पावणेसातला रात्रपाळीकडून खबर घ्यायची, कोण झोपलं नाही, कोण पडता पडता वाचलं. मग अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. चालू शकणाऱ्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधून, तो धरून उठवायचं. बेडपॅन द्यायचं, काढायचं, लघवी मोजून किती मिली ते लिहायचं. कवळ्या घासायच्या, आणि कुणाची कुठली ते चुकू द्यायचं नाही. तिच्या आईला सुरुवातीचे महिने हे कुणाला सांगायचीच लाज वाटत असे. "चार वर्षं शिकून लोकांची ढुंगणं पुसतेय," असं ती आमच्या स्वयंपाकघरात एकदा रडवेली होऊन म्हणाली. मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, पाठीवरचा लाल डाग पहिल्यांदा मलाच दिसतो. डॉक्टरला आठवड्याने दिसतो."

हे वाक्य तिच्या निबंधात जायला हवं होतं. निबंधाला जागा पाच हजार अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून. तिचा पहिला मसुदा सांगलीच्या आजीच्या आजारपणावर होता. कॉलेजच्या सल्लागार बाईंनी तो परत केला. त्यांच्या टेबलावर म्हणे आज्यांचा ढीगच पडलेला असतो. दुसऱ्या मसुद्यात एक म्हातारी आली, जिने तीन दिवस नाश्त्याला हात लावला नव्हता. सगळ्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं. हिने तोंड उघडून पाहिलं तर कवळीखाली हिरडी सोलवटलेली. तिने नर्सला सांगितलं, नर्सने पुढे कळवलं. एवढीच गोष्ट. त्यात ती कुणाचा जीव वाचवत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच तो मसुदा चांगला होता.

बाकी अर्ज म्हणजे कारकुनी. कॉलेजात घेतलेला प्रत्येक विषय, प्रत्येक ग्रेड एकेक करून भरायची. नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयाचे जुने गुण कॉलेज पुसतं, कास्पा पुसत नाही, दोन्ही धरून सरासरी काढते. फी पहिल्या कॉलेजला दोनशे डॉलरच्या घरात आणि पुढच्या प्रत्येकाला साठेक. त्यावर काही कॉलेजांचा स्वतःचा वेगळा अर्ज आणि वेगळी फी. बऱ्याच ठिकाणी अर्ज येतील तसे पाहत जागा भरत जातात, त्यामुळे अंतिम तारीख पाहून निवांत बसणारा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

मुलाखतीचा प्रकार मात्र पाहण्यासारखा. अनेक ठिकाणी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने काढलेली पद्धत चालते. एका रांगेत खोल्या, प्रत्येक दारावर एक प्रसंग लिहिलेला. दोन मिनिटं वाचायचं, घंटा झाली की आत जायचं, सातआठ मिनिटं बोलायचं, पुन्हा घंटा, पुढचं दार. आतला परीक्षक फक्त आपल्या खोलीपुरते गुण देतो, त्यामुळे एका खोलीत पचका झाला तरी पुढची पाटी कोरी. खरे प्रश्न बाहेर सांगणार नाही अशी सही उमेदवारांकडून घेतात, म्हणून मी सांगतोय ते सरावातले. तुमच्या सहकाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येतोय, काय कराल? आई मुलाला लस द्यायला नकार देतेय, तिच्याशी बोला. समोरच्याला न दाखवता, नुसतं बोलून कागदाची होडी करायला लावा.

हा सराव आम्ही काही काकाकाकूंनी मिळून मंडळाच्या मुलांकडून करून घेतला. मुलं हुशार, इंग्रजी त्यांची मातृभाषाच. तरी दोन प्रश्नांवर जवळपास सगळी अडखळली. एक, कुणाशी तुमचं वाजलं आणि तुम्ही ते कसं मिटवलं ते सांगा. आपल्या घरात वाढलेलं मूल पटकन म्हणतं, माझं कधी कुणाशी वाजलं नाही. इथल्या परीक्षकाला ते सालसपणाचं लक्षण वाटत नाही, हा माणूस एकतर लपवतोय किंवा कधी कुणाबरोबर राबलेलाच नाही असं वाटतं. वृद्धाश्रमातल्या मुलीकडे मात्र उत्तर तयार होतं. पट्टा न बांधता रुग्णाला उठवणाऱ्या, वयाने दुप्पट असलेल्या सहकारी बाईशी तिचा खटका उडाला होता, आणि पुढे दोघींनी जड रुग्ण जोडीने उचलायचे असं ठरवून टाकलं होतं.

दुसरा प्रश्न अटळ असतो, डॉक्टर का नाही? खरं उत्तर अनेकांच्या ओठांवर असतं, वर्षं कमी लागतात. डॉक्टरकीला चार वर्षं आणि वर किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी, इथे साधारण सव्वादोन वर्षांत मास्टर्स. मग तीनशे प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, की लगेच नोकरी. २०२३ मध्ये पीएचं मध्यक वेतन वर्षाला एक लाख तीस हजार डॉलर होतं. पण हे उत्तर मुलाखतीत देणं म्हणजे मुलगी बघायला जाऊन हुंड्याचा आकडा विचारणं. परीक्षकाला ऐकायचं असतं ते वेगळंच, दुसऱ्याच्या नावाखाली काम करणं आयुष्यभर झेपेल का, आपल्याला येत नाही तिथे थांबून डॉक्टरला हाक माराल का. मला हा प्रश्न सबंध मुलाखतीतला सर्वांत प्रामाणिक वाटतो. उत्तरं पाठ केलेली असतात, ती गोष्ट वेगळी.

पेशाला स्वतःला मात्र हे दुसऱ्याच्या नावाखाली राहणं आता बोचू लागलंय. इथल्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये 'असिस्टंट' टाकून 'असोसिएट' घ्यायचं ठरवलं, ओरेगनने २०२४ मध्ये तसा कायदाही केला. गंमत अशी की ब्रिटनमध्ये हे लोक असोसिएटच म्हणवत होते, आणि २०२५ मध्ये तिथल्या लेंग अहवालाने त्यांना असिस्टंट म्हणा अशी शिफारस केली.

ही तासांची अट मला मनापासून पटते, पण तिची एक बाजू खुपते. तुटपुंज्या पगारावर वर्षदोन वर्षं राबायचं तर डोक्यावर आईवडिलांचं छप्पर आणि दाराशी त्यांची जुनी होंडा लागते. शिवाय आता आधी पदवी हवी, त्यात बहुतेक ठिकाणी ऑरगॅनिक केमिस्ट्री नाहीतर बायोकेमिस्ट्री हवी. स्टेड यांच्या पहिल्या वर्गात बसलेली माणसं आज या अर्जाच्या शैक्षणिक पानावरच अडकली असती.

महाराष्ट्रातून विचारणा येते म्हणून हेही लिहितो. भारतातला पीए अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला आणि आता २०२१ च्या कायद्याने या पेशाला तिथे ओळखही मिळाली आहे. पण ती पदवी घेऊन इथली राष्ट्रीय परीक्षा देता येत नाही, इथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातूनच शिकावं लागतं. एमबीबीएस झालेल्यालाही यातून सूट नाही. नाशिकहून लग्न होऊन आलेली एक फिजिओथेरपिस्ट माझ्या ओळखीची आहे. तिच्या पदवीचं मूल्यांकन झालं, पण अनेक कॉलेजांना शरीररचनाशास्त्र अमेरिकन कॉलेजातच केलेलं लागतं, म्हणून ती पुन्हा हाडं मोजत बसलीय. तास मिळवायला नोकरी हवी, आणि नवऱ्याच्या एच-१बीवर आलेल्या तिच्या एच-४ व्हिसावर वेगळी परवानगी आल्याशिवाय पगार घेता येत नाही. ती शनिवारी एका मोफत दवाखान्यात रक्तदाब मोजते. ते तास विनावेतन असले तरी बऱ्याच ठिकाणी धरतात, पण शनिवार आठवड्यात एकच.

वृद्धाश्रमातल्या मुलीला येत्या ऑगस्टच्या वर्गात जागा मिळाली. जागा धरून ठेवायची अनामत भरली आहे, ती परत मिळत नाही. लसींचे दाखले, पोलिस पडताळणी, अमली पदार्थांची चाचणी, सगळं रांगेत आहे. घरात आता बोलणं चालतं ते पैशांचं. २०२५ च्या जुलैत सही झालेल्या कायद्याने, १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला साडेवीस हजार डॉलरच मिळतील. डॉक्टर, वकील यांच्यासारख्या 'व्यावसायिक' पदव्यांना पन्नास हजार. शिक्षण खात्याने ठरवलेल्या प्रस्तावित यादीत पीए नाही. एकूण शिक्षणाचा खर्च सहज लाख डॉलरच्या पुढे जातो. वडील म्हणतात, पुण्याचा फ्लॅट विकू. मुलगी म्हणते, खासगी बँकेचं कर्ज घेते, फेडीन. आईने वृद्धाश्रमात फोन करून मधल्या काळात तिला आठवड्याला दोन पाळ्या जास्तीच्या मिळतील का, याची चौकशी केली आहे.