वेळासचा कासव महोत्सव
रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने इथे २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, २००६पासून महोत्सव भरतो. मादीने किनाऱ्यावर घातलेली शंभरेक अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यात पुरतात. साधारण ५० दिवसांनी पिल्लं वर येतात, खड्ड्यावर पालथी घातलेली टोपली उचलली की दिसतात. सकाळ-संध्याकाळ ती वाळूवर सोडतात, थेट पाण्यात नाही. दोरीमागे पोरं श्वास रोखून उभी असतात. तळहातात मावेल एवढं काळपट पिल्लू लाटेने मागे ढकललं, तरी पुन्हा समुद्राकडेच वळतं! पाहुण्यांचा मुक्काम गावकऱ्यांच्याच घरी. त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नामुळेच कासवं गावाला आपली वाटतात, असं मला वाटतं. हंगाम फेब्रुवारी-मार्च ते एप्रिल. टॉर्च, फ्लॅश बंद ठेवावा.