ओंडक्याच्या फळ्या पाडताना साखळी-करवतीची धार

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा जिल्ह्यात आंबा, फणस, नारळ, पोफळी यांची असंख्य झाडे उन्मळून पडली. अशा झाडांचे बहुधा सरपण होते. वास्तविक फणस, ऐन, साग यांच्या जाड ओंडक्यातून दारे-खिडक्यांस पुरतील अशा फळ्या निघू शकतात. परंतु आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकसारख्या डोंगरालगतच्या गावी ओंडका उतारावरून खाली आणणे हेच कठीण असते. अशा वेळी पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत जागेवरच उपयोगी पडते. रस्ता जवळ असेल तर मात्र लाकूड गिरणीतच न्यावे. गिरणीच्या पट्टा-करवतीने दर कापास दोन-तीन मिलिमीटर लाकूड वाया जाते, तर साखळी-करवतीने आठ-नऊ मिलिमीटरचा भुसा होतो. दहा काप घेतल्यास आठ-नऊ सेंटिमीटर लाकूड असेच गेले, असे समजावे.

बाजारात मिळणारी साखळी झाड आडवे तोडण्यासाठी बनविलेली असते. तिच्या दातांच्या माथ्यावरील धार सुमारे 30 अंश तिरकी असते, त्यामुळे आडवे तंतू सुरीने कापल्याप्रमाणे तुटतात. फळी पाडताना स्थिती निराळी असते. करवत ओंडक्याच्या लांबीने पुढे सरकते आणि दातांसमोर तंतूंची टोके येतात. तिरका दात तेथे बाजूस ओढला जातो, फळीवर चरे उठतात आणि इंजिनावर भार पडतो. म्हणून या कामासाठी तोच कोन सुमारे 10 अंशांवर आणावयाचा असतो. काप थोडा सावकाश होतो, पण फळी सपाट निघते. जुन्या साखळीचा कोन एकदम बदलू नये. दर वेळी धार लावताना थोडाथोडा कमी करावा, म्हणजे पोलाद फुकट जात नाही.

धार लावण्यास गोल कानस वापरावी. तिची जाडी साखळीच्या मापावरून ठरते. लहान साखळीस 4 मिलिमीटर, मध्यमीस 4.8 आणि मोठीस 5.2 किंवा 5.5 मिलिमीटरची कानस लागते. साखळीबरोबर आलेल्या पत्रकातील माप प्रमाण मानावे. इंजिन बंद करून व थंड होऊ देऊन, हातमोजे घालून, पाते घट्ट धरून बसवावे. कानस दाताच्या आतील बाजूकडून बाहेर अशी एकाच दिशेने ढकलावी व परत आणताना उचलावी. तिच्या जाडीचा पाचवा भाग दाताच्या माथ्याच्या वर राहिला पाहिजे. एका बाजूचे सर्व दात झाल्यावर दुसरी बाजू घ्यावी. सर्वांत आखूड दाताच्या लांबीस बाकीचे दात आणावेत. येथे आळस केल्यास पुढे त्रास होतो. एका बाजूचे दात लांब राहिले, तर पाते त्या बाजूस वळते व फळी एके ठिकाणी जाड, दुसरीकडे पातळ होते.

प्रत्येक दातापुढे एक उंचवटा असतो. दाताने किती खोल चावावयाचे ते तो ठरवितो. तो दाताच्या माथ्यापेक्षा सुमारे 0.65 मिलिमीटर खाली असावा. दोन-तीन वेळा धार लावल्यावर मापपट्टी ठेवून तो चपट्या कानशीने उतरवावा. घाईने जास्त उतरविल्यास दात लाकडात रुततात, करवत हिसके देते व कधी माणसाच्या अंगावर उसळते.

सागवानात वाळूच्या जातीचा सिलिका हा पदार्थ असतो. त्याने दात लवकर बोथट होतात. मातीने माखलेली साल तर त्याहूनही वाईट, म्हणून ती आधी कोयत्याने काढून टाकावी. फळी पाडताना भुसा बारीकच पडतो, तेव्हा निव्वळ भुशावरून धार ओळखता येत नाही. उजेडात धारेवर पांढरी चकाकणारी रेघ दिसली, किंवा करवत दाबून पुढे ढकलावी लागली, की ती बोथट झाली असे समजावे. इंधनाची टाकी भरताना दर वेळी तीन-चार हात कानस फिरवावी. साखळीच्या तेलाची टाकीही त्याच वेळी भरावी. काप लांब असल्याने पाते तापते, साखळी सैल पडते, यास्तव ताण तपासत राहावे. कापात लाकडी पाचरी मारल्यास फळी पात्यावर बसत नाही.

आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही झाडे महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ओंडक्यास करवत लावण्यापूर्वी, झाड वादळाने पडलेले असले तरी, वन विभागाच्या कार्यालयात विचारणा करण्यास व वाहतुकीचा परवाना घेण्यास शेतकऱ्यास साहाय्य करावे.