तोंडातील बुरशी आणि दूरचा डॉक्टर

जिभेवर किंवा गालाच्या आतल्या बाजूस घट्ट दह्याच्या कणांसारखे पांढरे डाग दिसू लागतात, तिखट झोंबते, अन्नाची चव जाते. आणि घरातील वडील मंडळी ‘उष्णता झाली’ म्हणून मोकळी होतात. पुष्कळदा ती उष्णता नसते, बुरशी असते. डॉक्टर तिला थ्रश म्हणतात. दवाखान्यात न जाता मोबाइलच्या पडद्यावर तोंड दाखवून तिचे निदान होईल काय, हा आजचा प्रश्न. होईल, पण केव्हा होईल आणि केव्हा होणार नाही, हे समजून घेतले पाहिजे.

कँडिडा अल्बिकन्स नावाची ही बुरशी बाहेरून चाल करून येते असे नव्हे. कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात ती निमूटपणे नांदत असते. प्रतिजैविकांनी तिचे शेजारी जंतू मेले, दम्याच्या पंपातील स्टेरॉइड तोंडात राहिले, मधुमेह बळावला, कवळी रात्रंदिवस तोंडात राहिली, अथवा एचआयव्हीने किंवा कर्करोगाच्या उपचारांनी प्रतिकारशक्ती खचली, की तिचे फावते. म्हणजे बुरशी हा आजार तर आहेच, पण दुसऱ्या एखाद्या आजाराचा निरोपही असू शकतो.

आपल्याकडे २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. नोंदणीकृत डॉक्टर दुरून औषध कसे लिहून देऊ शकतो, हे त्यांनी स्पष्ट केले. आणि दुरून भागत नसेल तर रुग्णाला प्रत्यक्ष बोलावणे डॉक्टरच्या विवेकावर सोपवले. पुढच्याच महिन्यात सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेतून घरबसल्या सल्ला मिळू लागला.

दुरून काम होते, याचे उदाहरण या बुरशीच्या औषधातच आहे. निस्टॅटिन हे औषध १९५० साली जाहीर झाले. ते शोधणाऱ्या एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, तर रेचल ब्राउन ऑल्बनीत काम करीत; नमुन्यांची ने-आण टपालाने होई. पण पाठवायचे ते नीट पाठवावे लागते, हे आपल्यालाही लागू आहे.

तेव्हा डॉक्टरला तोंड दाखवताना उजेडाकडे तोंड करून बसावे. चूळ भरावी. कवळी काढून ठेवावी. कारण तिच्याखालची बुरशी पांढरी नसून नुसती लाल असते. जीभ, टाळू आणि दोन्ही गाल दाखवावेत. चालू असलेली सर्व औषधे सांगावीत, आणि तंबाखू-सुपारीची सवय असेल तर ती लपवू नये.

कारण खरी मेख येथेच आहे. थ्रशचा पांढरा थर स्वच्छ ओल्या फडक्याने हलकेच पुसला तर बहुधा निघतो आणि खाली लाल जागा दिसते. जो डाग पुसला जात नाही, तो ल्युकोप्लाकियाचा असू शकतो. त्यातून पुढे कर्करोग उद्भवण्याचा संभव असतो. पडद्यावर दोन्ही पांढरेच दिसतात. असा डाग, न भरणारी जखम, किंवा तोंड पुरते न उघडणे, यांना पडद्यावरची तपासणी पुरत नाही. प्रत्यक्ष तपासणी, आणि लागल्यास तुकडा काढून परीक्षा, हाच मार्ग. गिळताना दुखत असेल किंवा ताप असेल, तरीही प्रत्यक्षच गेले पाहिजे.

सौम्य बुरशीवर क्लोट्रिमॅझोल वा निस्टॅटिन तोंडात लावण्यास देतात. जोर असेल तर फ्लुकोनॅझोल पोटात घेण्यास देतात. उपचार साधारण ७ ते १४ दिवसांचा असतो. डाग दिसेनासे झाले म्हणून औषध मध्येच सोडू नये. फ्लुकोनॅझोलचे रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांशी पटत नाही. म्हणून गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. गर्भवतीने आपली अवस्था आधी सांगावी.

शिवाय मूळ कारण तसेच राहिले तर बुरशी परत येते. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, रात्री कवळी काढून स्वच्छ करावी, रक्तातील साखर तपासावी. सबळ कारण नसताना बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल, तर एचआयव्हीच्या तपासणीचा संकोच धरू नये. दोन आठवड्यांत गुण आला नाही, तर मोबाइल बाजूस ठेवून दवाखान्याची पायरी चढावी. दूरच्या डॉक्टरचा सर्वांत मोठा उपयोग कधीकधी हाच असतो की, ‘आता प्रत्यक्ष या’ हे तो वेळेवर सांगतो.